शब्दांची भावकी

सगुणाबाईनं रेश्माला फोन लावला आणि फोन घरातच वाजला. आतल्या खोलीत, उशीखाली, कुणी तोंड दाबून धरल्यासारखा. तोवर ती नुसती रागात होती. सकाळी साडेआठला गेलेली पोरगी दीड वाजून गेला तरी जेवायला नाही, येऊ दे, दारातच घेते तिला, असं घोळवत घोळवत तिनं भाकरी झाकली होती, कालवण दोनदा ऊन केलं होतं. तो आवाज ऐकला आणि राग कुठल्या कुठं गेला. त्याच्या जागी काय आलं ते तिला लगेच कळलं नाही. तिनं उशी उचलली. चार्जरची वायर, फोन, फोनवर उजेडात थरथरणारं 'आई', आणि त्याच्याखाली एक जाड वही. आपला फोन कानाला तसाच धरून ती तो दुसरा फोन वाजताना बघत राहिली. बंद करायचं सुचलं नाही. तो आपला आपण थांबला आणि घर एवढं गप झालं की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीचं खुर्ची सरकवणंसुद्धा खाली ऐकू आलं.

सकाळचं वाक्य तिला पुन्हा आठवायचं नव्हतं, म्हणून ते सारखं आठवत होतं. चहा घेता घेता रेश्मा म्हणाली होती, आई, पुढची खोली रिकामीच हाय, मला दे, मी पोरांची शिकवणी घेते. इंग्रजीची. एवढंच म्हणाली होती. त्यावर सगुणाबाईला साधं न्हाई म्हणता आलं असतं. खोली धाकट्या दिग्विजयच्या दोस्ताला ऑफिसला द्यायची ठरली हाय, असं सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण तिच्या जिभेला साधं बोलायची सवय नाही. ती म्हणाली, "तुझं हितं काय हाय आता? सही दिलीस, साडी नेलीस, झालं की." रेश्मानं कप खाली ठेवला. मग उचलला, मोरीत नेऊन धुतला, फळीवर पालथा घातला आणि पायात चपला सरकवून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. दार आपटलं असतं तरी चाललं असतं. पण तो धुतलेला कप. कप धुऊन जाणारं माणूस परत येणार असतं का येणार नसतं, हे सगुणाबाई सकाळपासून मनात उलटंपालटं करून बघत होती, आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं.

किशोरला तिनं फोन केला. तिचा थोरला. तो साइटवर होता, मागं काँक्रीटचं यंत्र घरघरत होतं. "आई, ती काय बारकी हाय का? गेली असंल कुटं तरी. येतीया." दिग्विजयनं उचललाच नाही. ती काय बारकी हाय का. चौतीस वर्षांची बाई. इंदापूरला दिली होती, नवरा मोटारसायकलवरून पडून गेला त्याला दोन वर्षं झाली. सासरच्यांनी वर्षश्राद्ध उरकलं आणि दुसऱ्या दिवशी तिची बॅग टेम्पोत घालून आणून सोडली, वर चहा पिऊन गेले. तेव्हा सगुणाबाईनं त्या लोकांना असं काही सुनावलं होतं की टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा खाली बघत होता. मुळशीत अजून बायका ते सांगतात. पण ते सुनावणं लोकांसाठी होतं. लोक गेल्यावर रेश्मा मधल्या खोलीत बॅगेवर बसली होती, आणि सगुणाबाईला तिच्याशी काय बोलावं ते समजेना, म्हणून ती म्हणाली होती, "बॅग फाटंल, खाली बस." ते तिचं लेकीला पहिलं वाक्य. तिला आता ते कुणीतरी दुसऱ्या बाईनं बोलल्यासारखं दिसत होतं; दिसत होतं, म्हणजे त्या बाईचं तोंड, खालच्या ओठाचा तो बाक, सगळं.

तिनं वही उघडली. पान भरून इंग्रजी. रेश्माचंच अक्षर, मुंग्यांसारखं, ओळीला ओळ चिकटून. सगुणाबाईची शाळा दुसरीपर्यंत. एसटीची पाटी वाचता येते, सही येते, देवाच्या पोथीतलं बोट ठेवून ठेवून लागतं. इंग्रजी अक्षरं तिला सगळी एकसारखी दिसतात, कुंपणाच्या तारेसारखी. तिनं मागून पानं उलटली. शेवटचं लिहिलेलं पान अर्धं भरलेलं होतं आणि तिथं पेन थांबलं होतं, एका ओळीच्या मध्येच. आणि मग दिवसभर जे मनाच्या उंबऱ्याशी उभं होतं ते आत आलं. चिठ्ठी. लेकीनं चिठ्ठी लिहून ठेवली आहे, आणि इंग्रजीत लिहिली आहे, म्हणजे आईला वाचता येऊ नये. भावांनी वाचावी. आईला तेवढी बाहेर ठेवली. तिला हे इतकं पटलं की तिनं वही छातीशी धरली, आणि त्या क्षणी तिला दुःखाच्याही आधी अपमान वाटला, आणि तो वाटला म्हणून स्वतःची शिसारी आली.

किशोरची वाट बघायची नाही, हे तिनं ठरवलं. तो मोठ्यानं वाचेल, सुनेसमोर. ती जिना चढून वर गेली. दोन वर्षांत ती या जिन्यानं फक्त टाकीच्या पाण्यावरून ओरडायला चढली होती. वर मृण्मयी राहायची, नांदेडकडची, एकटी, घरून कंपनीचं काम करणारी. लॉकडाऊनमध्ये धरणाचं पाणी दिसतं म्हणून आली आणि राहिली. दार उघडून ती आधी घाबरलीच.

"आजी, मोटर मी नाही लावली आज."

"मोटर ऱ्हाऊ दे. हे वाच." सगुणाबाईनं वही पुढं केली. चेहरा असा ठेवला की जणू लाइटबिल वाचून घ्यायचं आहे. "शेवटचं पान. मोठ्यानं नगं वाचूस. नुसतं सांग काय हाय."

मृण्मयीनं पान बघितलं, मागची दोन पानं बघितली. सगुणाबाई तिचं तोंड बघत होती. पोरीच्या कपाळावर आठी आली तेव्हा तिनं कठड्याचा गज धरला.

"हे काही पत्र नाही, आजी. शब्द आहेत. शब्द आणि त्यांचे अर्थ. रेश्माताई पाठ करत असतील."

"नीट बघ."

"बघितलं ना. सगळे आर-ई-एलनं सुरू होणारे आहेत. पहिली तीन अक्षरं सारखी. काही साधे, काही मलाही माहीत नाहीत."

सगुणाबाई खुर्चीवर बसली, न विचारता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिनं वाट बघितली, वाटलं नाही. पहिली अक्षरं सारखी. म्हणजे एका आडनावाचे. म्हणजे भावकी. एकाच घरातनं निघालेले, आणि एक सावकार, एक भिकारी, एकाला एकाचं तोंड बघायचं नाही. तिला ते तिच्याच पद्धतीनं समजलं आणि समजल्यामुळं आणखी धसका बसला. कारण भावकीत काहीच उगाच नसतं. पोरीनं हेच घर का निवडलं?

"सांग मला. एकेक सांग," ती म्हणाली.

"कशाला, आजी? माझी मीटिंग—"

"सांग म्हणते ना."

मृण्मयीनं सांगायला सुरुवात केली. पहिले काही नात्यागोत्याचे निघाले, नातं सांगणं, नातेवाईक, ते सगुणाबाईनं मान हलवून जाऊ दिले. एक होता चवीनं खाण्याचा. त्यावर तिला रेश्मा आठ-नऊ वर्षांची दिसली, आंबेमोहराच्या गरम भातावर नुसतं मीठ आणि तूप घेऊन बोटं चाटणारी. परत आल्यापासून ती पोरगी पाठ फिरवून जेवते, ताटातलं कमी दिसू नये अशी. मग एक होता खालच्या जागेवर ढकलून देण्याचा. "म्हणजे वरच्या वर्गातून काढून खालच्या वर्गात बसवायचं, तसं," मृण्मयी म्हणाली. मधल्या खोलीतून तिला आतल्या खोलीत कुणी हलवलं? सगुणाबाईनंच. किशोरच्या सासरचे मुक्कामाला येणार होते तेव्हा. ते येऊन, राहून, गेले. रेश्मा आतच राहिली, धान्याच्या कणग्यांपाशी. पुढचा शब्द होता 'रिलेंट'. म्हणजे धरलेलं सोडणं, मन पातळ होणं. "ह्याच्याखाली ताईंनी दोनदा रेघ मारलीय," मृण्मयी म्हणाली आणि बोलले ते बरोबर का चूक अशी बघत राहिली.

"मार म्हणावं. म्होरं सांग."

"रिलिंक्विश. सोडून देणं. हक्क, ताबा. आपलं जे आहे ते आपण होऊन सोडणं."

खोलीत पंखा फिरत होता आणि सगुणाबाई पौडच्या कचेरीत होती, सहा वर्षांमागं, असाच पंखा, असाच उकाडा. बाकावर रेश्मा, शेजारी ती, पलीकडं किशोर आणि दिग्विजय, दोघांचे शर्ट इस्त्रीचे. रीत होती. बहीण सही करून हक्क सोडते, भाऊ साडीचोळी करतात, आणि माहेरचं दार उघडं राहतं. सगुणाबाईनं स्वतः माहेरच्या, रिह्याच्या भावांना अशीच सही दिली होती, तिच्या आईनं तिच्या आधी अंगठा दिला होता. त्यात काय विचारायचं. तरी साहेबानं विचारलं. मान वर करून थेट रेश्माला विचारलं, "ताई, स्वखुशीनं सोडताय ना?" रेश्मानं तोंड उघडलं. ते उघडलेलं तोंड सगुणाबाईला आज, या घडीला, इतकं स्वच्छ दिसलं, वरच्या दाताचा तो कोपरा मोडलेला, आणि त्यातून काय येणार होतं ते कुणालाच कळलं नाही, कारण त्याच्या आधी सगुणाबाई म्हणाली होती, "व्हय साहेब, खुशीनंच." हसून म्हणाली होती. मग शाई, मग फोटो, मग पिरंगुटला मटणाची थाळी. रेश्मानं नुसता भात खाल्ला. जांभळी साडी सगुणाबाईनंच निवडली होती, ती तिनं कधी नेसलेली कुणी बघितली नाही. सहा वर्षं सगुणाबाई मनाला सांगत आली की 'व्हय'च म्हणणार होती ती. दुसरं काय म्हणणार? पण म्हणणार होती तर मग आपल्याला एवढी घाई का झाली, हे तिनं आजवर स्वतःला विचारलं नव्हतं.

"पुढचा मला माहीत नाही, आजी, बघावा लागेल. ताईंनी नुसता शब्द लिहिलाय, अर्थाची जागा मोकळी सोडलीय." मृण्मयीनं फोनवर शोधलं. वाचलं आणि थांबली. "रेलिक्ट. म्हणजे... मागं राहिलेली."

"वस्तू का माणूस?"

"दोन्हीला म्हणतात."

"पोरी, मी तुझ्यापरीस चाळीस पावसाळे जास्त बघितलेत. काय लिवलंय ते सांग."

"विधवा," मृण्मयी म्हणाली. "जुना शब्द आहे. आता कुणी वापरत नाही."

"हितं वापरत्यात," सगुणाबाई म्हणाली.

ती स्वतः तेवीस वर्षं तीच होती. पण तिच्या मागं जमीन होती, दोन पोरं होती, आठ खोल्यांचं भाडं होतं. तिला कुणी मागं राहिलेली म्हणायची छाती केली नव्हती, कारण सगळे तिच्याच मागं उभे होते. लेकीकडं काय होतं? एक आई होती.

"एकच राहिलाय," मृण्मयी म्हणाली. "ह्याचाही अर्थ लिहायचा राहिलाय. अर्ध्यावरच सोडलाय. रिलिक्शन. थांबा हं... पाणी मागं हटल्यावर उघडी पडते ती जमीन."

"म्हंजी? धरणाची?"

"कुठलीही. तळ्याची, धरणाची. पाण्याखालची जमीन पाणी सरकलं की वर येते ना, ती."

सगुणाबाई उठली. आत्तापर्यंत, साडेआठपासून, तिनं एकदाही धरणाकडं बघितलं नव्हतं. परसात गेली तेव्हा पाठ करून उभी राहिली, जिना चढताना भिंतीकडं तोंड ठेवलं. हे तिला आता कळलं. मृण्मयीच्या खिडकीतून ते सगळं समोर होतं, एप्रिल सरतानाचं, निम्म्याहून खाली गेलेलं, कडेला चिखलाचा रुंद तपकिरी पट्टा आणि मध्ये पाणी, कुणाचंच काही न लागल्यासारखं चकाकणारं.

"आजी, मी येऊ का सोबत?" मृण्मयीनं विचारलं. सगुणाबाईनं तिला नको म्हटलं की काहीच म्हटलं नाही, ते तिला नंतर आठवलं नाही.

उतारावरून ती कशी गेली ते पायांना माहीत. दहा मिनिटांची वाट. रिसॉर्टच्या कुंपणाला वळसा घालावा लागतो. ती जमीन सगुणाबाईच्या घरचीच होती, विकलेली, आता तिथं शनिवार-रविवारी गाणी वाजतात. तिच्या तोंडात एक वाक्य गोळ्यासारखं फिरत होतं, मी तसं म्हणाले न्हवते, मी तसं म्हणाले न्हवते, आणि प्रत्येक पावलाला तिला माहीत होतं की तसंच म्हणाली होती. वाटेत एक गुराखी म्हातारा भेटला, भिकू. त्यानं विचारलं, "सगुणाबाय, कुटं निघालीस एवढ्या उन्हाची?" ती म्हणाली, "म्हस बघाया." तिच्याकडं म्हैस नाही, पाच वर्षं झाली. भिकूलाही ते माहीत.

गवत संपतं आणि चिखल सुरू होतो तिथं चपला होत्या. दोन्ही, शेजारी शेजारी, टाचा जुळवून, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं. तिची हाक तीन वावरं ओलांडून जाते, गडी तिच्या आवाजाला दचकायचे. घशातून वारा आला फक्त. ऊन पाण्यावरून डोळ्यांत येत होतं, काही दिसत नव्हतं. तिनं हात आडवा धरला, आणि मग लांब, पार पाण्याच्या कडेला, एक बाई चालताना दिसली. साडीचा निऱ्यांचा घोळ हातात धरलेला, मान खाली, एक पाऊल काढून दुसरं टाकत, मोजल्यासारखी. सगुणाबाई चिखलात शिरली. वरून फुटलेला पापुद्रा, खाली मऊ. पाय पोटरीपर्यंत गेला, निघाला, दुसरा गेला. अडुसष्ट वर्षांचं शरीर असं ओढत ती पोचली तेव्हा रेश्मा थांबून तिच्याकडंच बघत होती.

"चपला का काढून ठेवल्यास?" सगुणाबाई म्हणाली. धाप लागली होती तरी शब्द तसेच आले, धार लावलेले.

"चिखल हाय म्हणून."

"अशा जोडीनं ठेवत्यात का कुणी? टाचंला टाच लावून?"

रेश्मानं लांबवर चपलांकडं बघितलं. मग आईच्या पायांकडं, आईच्या तोंडाकडं. "तुला काय वाटलं?"

"मला काय वाटायचंय."

पाणी अगदी जवळ होतं, आवाज न करता कडेची माती चाटत होतं. "फोन घरी ठिवलास," सगुणाबाई म्हणाली.

"बंद पडलावता. चार्जिंगला लावला. बावधनला गेले होते, आई. तिथं एका शाळंत घ्यायला लागलेत मास्तरीण. परीक्षा होती, तोंडी. त्यासाठीच वही भरत होते. पर्स घेऊन गेले, चांगली साडी नेसून गेले, तू बघितलं न्हाईस." तिनं हे तक्रारीसारखं नाही म्हटलं, हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हटलं. "एकच्या गाडीनं आले. स्टँडवर उतरले आन् घराकडं पाय वळंना. म्हणून हिकडं."

"घेतली का त्यांनी?"

"घेतली. जूनपासून. खोली बी बघितली, तिथंच, एका बाईंच्या घरात. सोमवारी जाणार हाय."

सगुणाबाईला वाटलं होतं, लेक जिवंत दिसली की बाकी सगळं पुरे होईल. उतार उतरताना, चिखलात पाय ओढताना, तिनं तेवढंच मागितलं होतं, ज्याला मागायचं त्याला. दोन मिनिटंही झाली नव्हती आणि ते पुरेना. सोमवार. मधे दोन दिवस. तिला आता, इथंच, बोलायला हवं होतं, नाहीतर मग ते बोलणं राहणारच. आणि सगळं आयुष्य बोलण्यावर काढलेल्या बाईला सुरुवात कुठून करायची ते कळेना.

"पौडच्या कचेरीत," ती म्हणाली. "त्या साहेबानं तुला इचारलं हुतं. बोलले मी."

"मला आठवतंय."

"मग तू का न्हाई बोललीस?" हे तिला म्हणायचं नव्हतं. ते आलं.

रेश्मा हसली, थोडीशी. त्यात राग असता तर सगुणाबाईला तो कुठंतरी धरता आला असता. "तू बोलून झालं होतं, आई."

"काय म्हणणार हुतीस?"

"आता काय उपयोग?"

"मला ऐकू दे. न्हाई म्हणणार हुतीस?"

रेश्मानं पायाच्या अंगठ्यानं चिखलात एक रेघ ओढली. "मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "खरंच. मी तोंड उघडलं तवा मला म्हाईत न्हवतं. बोलले असते तर कळलं असतं."

सगुणाबाईनं डोळे मिटले. 'न्हाई' ऐकायची तिनं तयारी केली होती. 'व्हय'ची आशा ठेवली होती, लाज सोडून. ह्यासाठी तिच्याकडं काहीच नव्हतं. पोरीचं उत्तर तिनं पोरीच्या आधी खाऊन टाकलं होतं आणि आता ते कुणाकडंच नव्हतं, कुठल्या दप्तरात नाही, कुणाच्या पोटात नाही.

"मी येते तुझ्यासंगं," ती एकदम म्हणाली. "बावधनला. भाकरी करीन. तू शाळंत जाशील, मी घर बघंन. ह्या दोघांचं काय, सुना हायेत."

"न्हाई."

"आठ दिस. बसवून देते तुला आन् येते माघारी."

"न्हाई, आई." रेश्मानं आईच्या पदराला लागलेला चिखल दोन बोटांनी काढला, पदर झटकला, खांद्यावर नीट टाकला. "तू आलीस की ती तुझी खोली हुईल. त्या घरमालकीणबाई बी तुलाच इचारून पाणी सोडतील. मला तिथं एकटीलाच ऱ्हायचंय."

हे ऐकून सगुणाबाईच्या तोंडात लगेच उत्तर तयार झालं, झणझणीत, नेहमीसारखं. तिला ते जिभेच्या टोकावर जाणवलं. तिनं दातांखाली जीभ धरली, इतकी जोरात की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कशाचं ते तिचं तिलाही वेगळं करता येईना.

"चल, ऊन लागंल तुला," रेश्मा म्हणाली आणि निघाली. ती हलकी होती, तिचे पाय फारसे रुतत नव्हते. सगुणाबाई तिच्या मागं, तिच्याच पावलांच्या खड्ड्यांत पाय टाकत, पण ते खड्डे तिला पुरेनात, प्रत्येक वेळी ती आणखी खाली जात होती. एकदा ती गुडघ्यावर आली. हात मागावा असं वाटलं. उठली. वर गवताच्या कडेला पोचून रेश्मानं पाय गवताला पुसले, चपला घातल्या, आणि घराकडं न वळता तिथंच उभी राहिली, पाठमोरी, रस्त्याकडं तोंड करून. वर रस्त्यावर पौडकडं प्रवासी नेणारी जीप कुठंतरी हॉर्न देत होती. पोरगी आपल्यासाठी थांबली आहे का जीपसाठी, ते सगुणाबाईला खालून दिसत नव्हतं. विचारायचं नाही, एवढं तिनं चढता चढता ठरवलं.